घडवंचीवरचा कॅमेरा

मामाजी, परवा घडवंची माळ्यावरून खाली काढली. तीच, पाण्याचे गुंड ठेवायची, दोन भोकांची, सागवानी, आत्याबाईंच्या माहेरून आलेली. पाय अजून ठणठणीत आहेत, फक्त एका भोकाच्या कडेला तुम्ही मारलेल्या खिळ्यांच्या खुणा उरल्या आहेत. माझ्या नातीला घरातले जुने फोटो मोबाइलमध्ये उतरवून घ्यायचे होते. हातात धरला की मोबाइल हलायचा, तिचीच सावली फोटोवर पडायची, आणि चांगला चौकोनी फोटो पतंगासारखा तिरपा यायचा. ती बाजारातून कसलासा स्टँड मागवायला निघाली होती. मी म्हटलं, थांब, आपल्याकडे आहे. तिला वाटलं आजीची गंमत चालली आहे. मग दोघींनी मिळून घडवंची पुसली, एका भोकावर काच ठेवली, काचेवर मोबाइल, खाली फरशीवर फोटो, आणि पहिलाच फोटो असा सरळ आला की ती म्हणाली, "आजी, ही बनवलीच याच्यासाठी होती का गं?" मी इतकी हसले की मला ठसका लागला आणि तिला पाणी आणायला पळावं लागलं. पण सातव्या-आठव्या फोटोला तिने मला आणखी एक गोष्ट विचारली, आणि तिचं उत्तर मी तिला दिलं नाही. ते आधी तुम्हाला द्यायला हवं. म्हणून आज दुपारची झोप सोडून लिहायला बसले आहे.

मी तुमच्या घरात आले तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. नागभीडजवळच्या धानाच्या बांध्यांतून उठून मी एकदम फोटोवाल्याच्या घरात येऊन पडले होते. पुढच्या खोलीत तुमचा स्टुडिओ, मागे आपण सगळे. छपरात चार काचेची कौलं बसवलेली, त्यांतून पडणाऱ्या उजेडात तुमची वेताची खुर्ची, मागे रंगवलेला पडदा, आणि तीन पायांवर उभा असलेला तो लाकडी कॅमेरा, काळं फडकं पांघरून. आमच्या लग्नाचा फोटो तुम्हीच काढला होता, पण त्यात मी नव्हतेच, नुसता पदर होता. मान इतकी खाली की नवऱ्याशेजारी कोणी लुगड्याचं गाठोडं ठेवलंय असं वाटावं. घरातही तीच तऱ्हा. सासऱ्याच्या समोर उभं राहायचं नाही, तोंड वर करायचं नाही, थेट बोलायचं तर मुळीच नाही, काय ते सासूमार्फत. आत्याबाई घरात असल्या की मी त्यांना सांगे, त्या तुम्हाला सांगत. त्या नसल्या की मी दाराला सांगत असे. "चहा झाला म्हणावं," मी दाराला म्हणे. "येऊन राह्यलो म्हणावं," तुम्ही कॅमेऱ्याला म्हणत. मधे कोणीच नसे आणि निरोप मात्र बरोबर पोचत. चार महिने आपण एकमेकांशी असे बोललो आणि मला तुमच्या चपला, धोतराचा काठ आणि फोटो धुवायच्या औषधाने, हायपोने, पिवळी पडलेली नखं, एवढेच तुम्ही माहीत होता.

तुमच्या मुलाला हायपोचा वास सोसत नसे. तो सकाळीच खाणीवर हजेरीबाबूच्या नोकरीवर जाई आणि अंधाऱ्या खोलीकडे नाकावर रुमाल धरल्याशिवाय बघतही नसे. म्हणून फोटोच्या काचेच्या प्लेटा धुवायचं काम माझ्याकडे आलं. आत्याबाईंना ते भांडी घासण्यासारखंच वाटलं, म्हणून त्यांनी हरकत घेतली नाही. मला मात्र पहिल्या दिवशीच वेड लागलं. पाण्यातली काच उजेडाकडे धरली की तिच्यात एक अख्खा माणूस, काळ्याचा पांढरा झालेला, आपल्याकडे बघतो आहे! मी धुता धुता त्यांच्याशी बोलत असे, तुम्ही ते ऐकलं असणारच. कारण मग तुम्ही भिंतीला शिकवायला सुरुवात केलीत. खराब झालेल्या दोन प्लेटा खिडकीत लावून ठेवल्यात आणि भिंतीला सांगितलंत, "माणूस हलला त माणूसच पुसट येते, त्याची खुर्ची साफ राह्यते. फोकस चुकला त माणूस आन् खुर्ची दोघंही पुसट. कोणावर चिडायचं हे आधी प्लेट पाहून ठरवावं म्हणावं." मी पडद्याआडून त्या दोन्ही प्लेटा पाठ केल्या. मला तो कॅमेरा हवा होता, मामाजी. सोन्याच्या पाटल्यांसाठी एखादीचा जीव जावा तसा माझा त्या काळ्या फडक्याखाली जाण्यासाठी जात होता. पण असलं काही सुनेनं मागायचं नसतं, आणि दाराला तरी कसं सांगणार?

मग दिवाळीनंतर तो मोहर्लीकडचा रेंजर आला, पुण्याकडचा, शुद्ध बोलणारा, हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीत जंगलातलं बी होतं. सागाचं, ऐनाचं, बीजाचं, बेहड्याचं, मोहाची, टोळी म्हणतात ती बी, चारोळी, बिबा, टेंभराच्या चपट्या बिया, असे वीस-बावीस प्रकार. नव्या गार्डांचा वर्ग संक्रांतीनंतर भरायचा होता. त्यांना शिकवायला त्याला प्रत्येक बीचा फोटो हवा होता, बी जेवढी तेवढाच, तिच्यावरची रेघ न् रेघ दिसेल असा. "जमेल का हो? नाहीतर नागपूरला पाठवतो," तो म्हणाला. नागपूरचं नाव निघालं आणि तुमचा आवाज चढला. "नागपूरले कायले? वीस वर्सांपासून फोटो काढून राह्यलो मी. बी काय, मुंगीचा काढून देतो." तो गेल्यावर आत्याबाई पिशवीत डोकावून म्हणाल्या, "एवढीशी चारोळी! खिरीत टाकायची का फोटोत?" त्या दिवसापासून मी पिशवी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी खुंटीवर टांगू लागले.

बीचा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याने सरळ खाली बघायला हवं, आणि कॅमेऱ्याचे तीन पाय होते माणसांकडे बघण्यासाठी. तुम्ही आधी तेच पाय वाकडे करून, दोरीने बांधून कॅमेरा वाकवला. तो आजारी बगळ्यासारखा उभा राहिला आणि फोटो पुसट आला. मग सुताराकडून सागवानी पाटावर सागवानी खांब ठोकून घेतलात, खांबाला एक आडवा हात, त्याला कॅमेरा. फोटो पुसट. तुम्ही म्हणालात लाकूड ओलं आहे, पीळ धरतंय. झालं, आपल्या गावात लाकूड म्हटलं की कोण गप्प बसतो? समोरचा टेलर आला, डेपोतला मुकादम आला, आत्याबाईंचे भाऊ आले, सगळ्यांनी खांबावर नख मारून, वास घेऊन, कान लावून आपापलं मत दिलं. एक म्हणे ओलंच आहे, दुसरा म्हणे उभ्या झाडाला रिंगण कापून वाळवलंय, तिसरा म्हणे अमावास्येला तोडलेलं दिसतं. सुताराला इतका राग आला की तो येऊन पाटावर चढला आणि दोन्ही हातांनी खांब गदागदा हलवून ओरडला, "हत्ती बांधा भाऊ याले, हत्ती! हलला त मी माझं नाव बदलतो!" खांब खरंच हलत नव्हता. मग तुम्ही लोहाराकडून भिंतीत लोखंडी घोडी बसवून घेतलीत. फोटो पुसट. या खेपेला तुम्ही रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाड्यांना दोष दिलात, त्यांनी भिंत हादरते म्हणून. पौष लागला, रेंजरचे दोन निरोप येऊन गेले, आणि तुमचं जेवण कमी झालं. ताटात भाकरी तशीच राहायला लागली. सगळं चांदा महिनाभर लाकूड, लोखंड आणि बैलगाड्या यांवर भांडलं, आणि खरं काय बिघडलंय हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

घडवंची मला सुचली ती पाणी भरताना. दोन भोकं, दोन भोकांत पाण्याने भरलेले दोन पितळी गुंड, एवढं ओझं घेऊन ती वर्षानुवर्षं एका जागी उभी, तसूभर हलत नाही. एक गुंड उचलला आणि भोकातून खाली पाहिलं तर फरशीवर पडलेला तांदळाचा दाणा स्वच्छ दिसला, चारी बाजूंनी उजेड. मी तशीच ओल्या हातांनी दाराशी गेले आणि दाराला म्हटलं, "घडवंचीच्या भोकातून कॅमेरा खाली पाहू शकन म्हणावं. ते हालत नाई." मग तुमच्या चपला आल्या, घडवंचीभोवती एक फेरी झाली, आणि तुम्ही मोठ्याने हसलात. आत्याबाई मात्र कमरेला पदर खोचून आल्या. "मायी घडवंची? आन् पाणी कुठी ठेवू मंग, तुमच्या डोक्यावर?" शेवटी तह झाला तो असा की, एका भोकात कॅमेरा, दुसऱ्या भोकात गुंड जागच्या जागी राहील. तो तह किती कामाचा निघाला ते आपल्याला मागून कळलं. भरलेल्या गुंडाच्या वजनाने घडवंची आणखीच घट्ट बसली. तुमच्या त्या बदनाम खांबाचा तुकडा कापून आपण तिच्या कडेला ठोकला, त्याला कॅमेऱ्याची पाठ निवारीने आवळून बांधायची, नाक भोकात, फोकस बघायची मागची काच वर, आडातल्या पाण्यासारखी. बी ठेवायला मी धान मोजायच्या दोन पायल्या उपड्या मांडल्या, त्यांच्यावर खिडकीची एक काच, आणि काचेच्या खूप खाली धुतलेलं पांढरं धोतर. बी अशी अधांतरी राहिली की तिची सावली तिच्याजवळ पडतच नाही. हे तुम्ही भिंतीला सांगितलं होतं, पायल्या मात्र माझ्या.

कॅमेरा बांधायच्या आधी तुम्हाला बघायचं होतं की वरचं भोक आणि खालची काच एकमेकांना समांतर आहेत की नाहीत. तुम्ही भोकावर दोन दोरे आडवे-उभे ताणलेत, खाली काचेवर माझा कुंकवाचा आरसा ठेवलात. वरून बघायचं, वरच्या दोऱ्यांची फुली आणि आरशातली फुली एकावर एक आली की झालं. तुम्ही एका बाजूने वाकलात, मी दुसऱ्या बाजूने दोरा धरून वाकले, मान खाली घालूनच, नेहमीसारखी. आणि मान खाली घातली म्हणूनच मला आरशात तुमचा चेहरा दिसला! चार महिन्यांत पहिल्यांदा. पांढऱ्या भुवया, नाकावर चष्म्याचा वण, तोंड थोडं उघडं. माझं तोंडही तिथेच, तुमच्या तोंडाशेजारी, बिनपदराचं. मी घाबरून ही एवढी जीभ चावली, अगदी तुमच्या समोर. आणि तुम्ही काहीच केलं नाहीत. हसला नाहीत, मान वळवली नाहीत. तुम्ही थेट माझ्याकडे बघत होता आणि म्हणालात, "जुळले. नंबर एक." दोऱ्यांच्या दोन फुल्यांमधे चांगलं बोटभर अंतर होतं. मग मी जीभ आत घेतली आणि तुमच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांत दुधाची साय धरली होती.

एका क्षणात मला ती गाठींची सुतळी आठवली. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की तुम्ही सुतळीने कॅमेऱ्यापासून त्याच्या नाकापर्यंत माप घेत होता, एकेक गाठ मोजत, आणि लोक म्हणायचे काय टापटीप माणूस आहे. काचेवर फोकस तुम्हाला दिसतच नव्हता. गाठ क्रमांक सहा म्हणजे कॅमेऱ्याचा भाता इथपर्यंत, सात म्हणजे तिथपर्यंत, असं सगळं हाताने चाललं होतं. माणसांचं भागत होतं. चारोळीला कुठली आलीय सुतळी? खांब बरोबर होता, घोडी बरोबर होती, बिचाऱ्या बैलगाड्यांचा तर काहीच अपराध नव्हता. दाराला सांगावं तर दार लांब होतं. मी आरशातल्या तुमच्याकडे बघून म्हटलं, "मामाजी, नाई जुळले." हे मी तुमच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मग तुम्ही हळूच विचारलंत, "किती?"

"एक बोट."

"कोण्या अंगाले?"

"तुमच्या अंगाले."

तुम्ही खाली बसून कौलाची खापरी घडवंचीच्या पायाखाली सरकवलीत. "आता?" मी म्हटलं, आणखी थोडी. "आता?" आता जुळले, मी म्हटलं. तुम्ही उठलात, काळं फडकं खांद्यावरून काढलंत आणि माझ्याकडे न बघता पुढे धरलंत. "घे. तू पाह्य, मी सांगतो. आन् हे तुया आत्याबाईले नको सांगू." मी विचारलं, "काय नको सांगू?" तुम्ही म्हणालात, "काहीच नाई." आणि मग आपण दोघंही हसलो, मामाजी, कारण निरोप पोचवायला मधे आता दारही नव्हतं.

त्या पंधरा दिवसांसारखे दिवस मला पुन्हा कधी मिळाले नाहीत. मी फडक्याखाली डोकं घालून भिंग काचेवर टेकवायची, तुम्ही भाता एकेक सूत सरकवायचे. "पुढं. अजून. थांबा, मागं." सून सासऱ्याला थांबा म्हणते आहे आणि सासरा थांबतो आहे. पहिल्या प्लेटला उजेड मी माझ्या मनाने मोजून दिला, नेहमीच्या फोटोएवढाच, आणि ती खिडकीच्या काचेसारखी कोरी निघाली. तेव्हा तुम्ही मला रागावलात, तेही पहिल्यांदाच. "भाता दुप्पट लांब केला त उजेडाले चौपट वेळ द्या लागते! पोळी दुप्पट लाटली त तेवढ्याच गोळ्यात होते का?" मला रडू आलं आणि त्याच वेळी आनंदही झाला, कारण असं रागावतात ते आपल्या माणसाला. मग आकडे तुम्हीच मोजू लागलात. मोजताना तुम्ही नेहमी वर काचेच्या कौलांकडे बघत, ढग आडवा येतो का म्हणून. ती तुमची जुनी सवय. "एक… दोन… तीन…" आणि बरोबर अकराव्या आकड्याला आत्याबाई गडवा घेऊन यायच्या आणि गुंडात बुडवायच्या. "अवं, पाणी नको घेऊ! पाच मिंट तहान थांबव!" "मी काऊन थांबवू? तुमची बी पळून चालली का?" तीन प्लेटा आत्याबाईंच्या तहानेने गेल्या. बिब्याने माझ्या बोटाला फोड आला, त्यावर तुम्ही स्वतः खोबरेल लावलंत. आणि संक्रांतीच्या चार दिवस आधी बावीस फोटो दोरीवर वाळत होते. सागाच्या बीवरची लव दिसत होती. ऐनाच्या पाकळ्यांतल्या शिरा मोजता येत होत्या. तुम्ही एकेक फोटो हातात घेऊन बोटाने चाचपायचे आणि मला विचारायचे, "याच्यात काय दिसून राह्यलं, सांग." मी सांगत असे. रेंजर आला, टेंभराची बी बघून म्हणाला, "वा! फोकस कोणाचा?" तुम्ही म्हणालात, "घरच्याच माणसाचा."

पुढचं वर्षभर तसंच चाललं. गिऱ्हाइकांना वाटे की सून पडदा धरायला उभी राहते. पण मला ते तुमचं दिसेनासं होणं खुपत होतं, म्हणून शेवटी मीच तुमच्या मुलाला सांगितलं, आणि नागपूरला ऑपरेशन ठरलं. आता आत्याबाईंना कसं सांगायचं म्हणून आम्ही दोघं चाचरत त्यांच्यापुढे उभे राहिलो, तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "दोन वर्सांपासून काटे काढून मासोळी वाढून राह्यली मी त्याईले. तुमाले काय वाटलं, लाडानं?" तुम्ही नागपूरहून आलात ते बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा लावून. दारातच थांबून घर बघितलंत, आत्याबाईंना म्हणालात, "बुढी झाली वो तू," आणि त्यांनी तुम्हाला चांगलं सुनावलं. मग माझ्याकडे बघितलंत. "असं तोंड हाय का?" एवढंच म्हणालात. मला खूप बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी तुम्ही खुंटीवरचं काळं फडकं काढून खांद्यावर टाकलंत आणि मायेने म्हणालात, "आता तू मोकळी झाली, बाई." मी मोकळी झाले आणि पुन्हा प्लेटा धुवायला लागले. आठ दिवस मी आत चुलीशी बसून पुढच्या खोलीतले तुमचे आकडे ऐकत होते आणि भाकऱ्या करपवत होते. तुम्हाला डोळे मिळाले याचा आनंद मला झाला होता, तुमच्या शपथेवर सांगते. पण माझं काहीतरी काढून घेतलं होतं, हेही तितकंच खरं होतं.

नवव्या दिवशी तुम्ही मला वेताच्या खुर्चीवर बसवलंत. "लग्नाच्या फोटोत नुसता पदर आला. आज माणूस येऊ दे." फोकस तुम्ही स्वतः केलात, सुतळीशिवाय, किती वेळ लावलात. प्लेट घातलीत, झाकण काढलंत, वर कौलांकडे बघत मोजायला लागलात. एक… दोन… आणि पडद्याआडून आत्याबाई म्हणाल्या, "दात नको दाखवू वो, लोक म्हणतीन सासरी लाड करून राह्यले." मला हसू फुटलं. खांदे हलले, मान हलली. तीन म्हणून तुम्ही झाकण लावलंत. तुम्ही वर बघत होता. प्लेट तुम्हीच धुतलीत, खिडकीशी नेलीत, चष्मा वर करून भिंग लावलंत आणि खूप वेळ बघत राहिलात. मी मागे उभी होते. मग तुम्ही म्हणालात, "फोकस गेला, बाई. चष्म्यानं वाट दिसते, फोकस नाई दिसत." फडकं खांद्यावरून काढलंत, चार घड्या घातल्यात आणि माझ्या हातात दिलंत. "आतापासून तूच काढ." मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तुमच्याशी थेट बोलायची आता मला सवय झाली होती. मी ते बोलले नाही. मी फडकं घेतलं.

त्यानंतर तुम्ही नऊ वर्षं होता. दारापाशी बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमची सूनबाई काढते फोटो, मी नुसता मोजतो." चहा प्यायचे, ढगांवर चिडायचे, मुंजी-लग्नांची गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठवून निवांत डुलक्या घ्यायचे. मी अर्ध्या जिल्ह्याची लग्नं काढली. मला सुखाने झोप लागायची, आणि कधी कधी लागायची नाही.

परवा नातीने घडवंचीखाली तोच, वेताच्या खुर्चीतला माझा फोटो ठेवला. मोबाइलवर दोन बोटांनी तो मोठा करत गेली आणि म्हणाली, "आजी, तू एकटीच पुसट आहेस. खुर्चीचा वेत न् वेत दिसतोय बघ. तू हललीस का गं?" मी म्हटलं, भाजी करपेल, आणि उठून आत गेले. भाजी चुलीवर नव्हतीच. ती शाळेत गेल्यावर मी तुमचं भिंग काढलं, ती काचेची प्लेट काढली आणि खिडकीशी उभी राहिले, तुम्ही उभे राहिला होता तिथेच. खुर्चीच्या हातावर वेताची एक काडी निसटलेली आहे, तीसुद्धा साफ दिसते. फोकस अचूक होता, मामाजी. इतका अचूक फोकस मला आयुष्यात थोड्याच वेळा जमला. आणि मग मला आठवलं ते सांगते. त्या दिवशी मी तुमच्या मागेच उभी होते, तुमचा हात मला दिसत होता. माझा चेहरा प्लेटच्या मधोमध होता. तुमचं भिंग तिथे नव्हतं, ते खालच्या कोपऱ्यात होतं, खुर्चीच्या हातावर, आणि बराच वेळ तिथेच होतं.

दोन दिवस मी याचाच विचार करते आहे. माणूस हलला तर त्याची खुर्ची साफ राहते, हा मला शिकवलेला पहिला धडा तुम्ही विसरला असाल, हे काही मला पटत नाही. हे पत्र कुठे टाकणार? बियांच्या फोटोंच्या डब्यात प्लेटांखाली ठेवून देईन, नातीला सापडलं तर सापडलं. तिने विचारलेल्याचं उत्तर मी तिला उद्या देणारच आहे, पण आधी तुम्हाला, मान वर करून आणि मधे दार न घेता. मी हलले होते, मामाजी.